तालुका राहाता, आमदार कोपरगावचा, खासदार शिर्डीचा : पुणतांब्याचे मत नेमके जाते कुठे?

– ऊस विकास अधिकारी



दर अंकात या पानावर बेणे, लागण, खोडवा व्यवस्थापन आणि पाणी याच गोष्टी आपण बोलतो. या खेपेला विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. शेतकी खात्याच्या गटबैठकांत पुणतांबा, वाकडी, चितळी या बाजूचे सभासद एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सातबारा काढायला राहात्याला जायचे, आमदारकीचे मत कोपरगावच्या मतदारसंघात द्यायचे आणि खासदार मात्र शिर्डीचा. मग आमचा धनी कोण? प्रश्न हसत विचारला जातो, पण त्यात खंत असते. कालव्याचे आवर्तन लांबले, की कुणाच्या दारात जायचे हे कळत नाही आणि उभा ऊस करपतो. म्हणून जरा नीट मांडणी करून सांगतो. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्यासाठी ही पाने नाहीत, हे आधीच नमूद करतो.

मतदारसंघ म्हणजे काय, हे ऊस उत्पादकाला सांगणे सोपे आहे. आपल्या कारखान्याचे कार्यक्षेत्र असते, त्याचे गट पाडलेले असतात, गटाला गट ऑफिस असते. आता हे गट तालुक्याच्या शिवेप्रमाणे पाडलेत का? नाही. ऊस किती उभा आहे, गव्हाणीपासून अंतर किती, रस्ता कसा, एका चिटबॉयला किती क्षेत्र झेपेल, हे पाहून पाडलेत. त्यामुळे एका तालुक्याची चार गावे दुसऱ्या तालुक्याच्या गटात येतात आणि कुणाला त्याचे वावगे वाटत नाही. मतदारसंघाचेही तसेच, फक्त तिथे टनेज मोजत नाहीत, माणसे मोजतात.

तालुका ही महसुलाची सोय आहे, मतदारसंघ ही मताची सोय आहे. तालुका राज्य सरकार करते. पुणतांबा पूर्वापार कोपरगाव तालुक्यात होते. १९९९ मध्ये कोपरगाव व शेजारच्या तालुक्यांतली गावे काढून राहाता तालुका नवा झाला आणि पुणतांबा तिकडे गेले. मतदारसंघ मात्र राज्य सरकार पाडत नाही. त्यासाठी संसद कायदा करते आणि केंद्राकडून स्वतंत्र पुनर्रचना आयोग नेमला जातो. सध्याचे मतदारसंघ २००२ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाने पाडले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग त्याचे अध्यक्ष होते. २००१ ची जनगणना धरून त्यांनी रचना केली, ती २००८ मध्ये लागू झाली आणि २००९ पासूनच्या सगळ्या निवडणुका त्याच रचनेवर झाल्या. त्या रचनेत २१९ क्रमांकाचा कोपरगाव मतदारसंघ असा ठरला : कोपरगाव तालुका आणि राहाता तालुक्यातले पुणतांबा महसूल मंडळ.

असे का केले असावे? हिशेब पाहा. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार होती. आमदार २८८. भागाकार केला तर एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. आपल्या जिल्ह्याची (तेव्हाचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) लोकसंख्या ४० लाख ४० हजार होती. तिला ३ लाख ३६ हजारांनी भागा, बरोबर बारा येतात. जिल्ह्याला बारा आमदार मिळाले ते असे. कुणाच्या वशिल्याने नव्हे.

आता एकेक तालुका घ्या. कोपरगाव तालुका २०११ च्या जनगणनेतसुद्धा तीन लाखांच्या थोडा वर आहे, राहाता सुमारे तीन लाख वीस हजार. दहा वर्षे आधी दोन्ही याहून लहानच होते. म्हणजे दोघांपैकी एकाचेही माप स्वतःच्या गावांवर भरत नव्हते. मग कोपरगावचे माप भरायला राहात्यातले पुणतांबा मंडळ घेतले आणि राहात्याची, म्हणजे २१८ क्रमांकाच्या शिर्डी मतदारसंघाची, तूट भरायला संगमनेर तालुक्यातले आश्वी मंडळ जोडले. एका ट्रॉलीत माल कमी पडला की शेजारच्या फडातला भरतात, तसला हा प्रकार. फडाचा मालक बदलत नाही, ट्रॉली बदलते. पुणतांबेकरांचा सातबारा, रेशन, तहसील, पंचायत समिती सारे राहात्याला राहिले. मत तेवढे कोपरगावच्या ट्रॉलीत गेले.

आयोगाला हे करताना काही बंधने होती. विधानसभा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडून जाऊ नये अशी रीत ठेवली होती. तो अख्खाच्या अख्खा एका लोकसभा मतदारसंघात बसला पाहिजे. शक्यतो सलग मुलूख, नदी-नाले, दळणवळण, लोकांची सोय पाहावी. महसूल मंडळ शक्यतो फोडू नये. पुणतांब्याला कोपरगावशी जोडणारी दौंड-मनमाड रेल्वे आहे, गोदावरी आहे, जुना तालुका आहे, त्यामुळे जोडणी अगदीच विजोड झाली असे मला वाटत नाही. अडचण होते ती कामांची. तहसीलदार एका मतदारसंघातला, आमदार दुसऱ्यातला. आमसभेला कोण येणार, टंचाई बैठकीत आपल्या गावाचे कोण मांडणार, यात गावे मधल्या मध्ये राहतात.

याला एक दुसरी बाजू आहे, ती सहसा कुणी बोलत नाही. ज्या गावाचा तालुका एका आमदाराकडे आणि मत दुसऱ्या आमदाराकडे, त्या गावाला दोन दारे आहेत. नुसत्या तक्रारीपेक्षा ही दोन्ही दारे वाजवणे मला व्यवहाराचे वाटते.

लोकसभेचे तिसरे दार. २००८ च्या आधी कोपरगाव नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. तो जाऊन शिर्डी लोकसभा मतदारसंघ झाला आणि तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्यात अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर आणि नेवासा असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. २००९ ला श्री. भाऊसाहेब वाकचौरे, २०१४ व २०१९ ला श्री. सदाशिव लोखंडे आणि २०२४ ला पुन्हा श्री. वाकचौरे निवडून आले. राखीव जागेबद्दल गावात एक गैरसमज आहे, की सरपंचपदासारखी ही जागाही दर पाच वर्षांनी फिरते. तसे नाही. सरपंच, सभापती यांची आरक्षणे फिरतात. विधानसभा-लोकसभेची राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरते आणि पुढची पुनर्रचना होईपर्यंत तीच राहते. श्रीरामपूर विधानसभा अनुसूचित जातींसाठी आणि अकोले अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे ती याच नियमाने.

कोपरगावच्या आमदारकीचा इतिहास थोडक्यात. कै. शंकरराव कोल्हे १९७२ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले आणि १९९९ च्या निवडणुकीपर्यंत, मधला १९८५ चा अपवाद सोडता, ही जागा त्यांच्याकडे राहिली. राज्यात ते मंत्रीही झाले. १९८५ ला दादासाहेब रोहमारे आमदार होते. २००४ आणि २००९ ला श्री. अशोक काळे शिवसेनेकडून आले. २०१४ ला सौ. स्नेहलता कोल्हे भारतीय जनता पक्षाकडून आल्या. २०१९ ला श्री. आशुतोष काळे राष्ट्रवादी काँग्रेसकडून आले आणि २०२४ ला तेच पुन्हा, या वेळी अजित पवार यांच्या राष्ट्रवादीकडून. कोल्हे आणि काळे ही दोन्ही घराणी सहकारी साखर कारखान्यांच्या कारभारातून पुढे आलेली, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

इथेच आपल्या सभासदांचा एक घोटाळा होतो. आमदार आणि चेअरमन ही दोन पदे एका माणसाकडे असली, तरी पदे दोन आहेत. उसाचे बिल वेळेवर का नाही, तोडणी कार्यक्रमात लागण तारखेचा क्रम का चुकला, वजनकाटा, सवलतीची साखर – हे संचालक मंडळाला आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला विचारायचे प्रश्न. तिथे शेअर्स कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. एफआरपीचा दर वाढवा म्हणून आमदाराच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण तो दर दिल्लीत ठरतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार तो जाहीर करते. तिथे खासदाराला बोलू द्या. मात्र धरणातले पाणी, कालव्याची दुरुस्ती, चाऱ्या, शेतीची वीज, शिवरस्ते, पूल हा सगळा राज्याचा कारभार. तो आमदाराचा प्रांत.

पाण्याचेच घ्या. गोदावरीच्या उजव्या-डाव्या कालव्यांचे पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून येते आणि साठा होतो दारणा-गंगापूर व वरच्या धरणांत, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. धरणे दुसऱ्या आमदारांच्या हद्दीत, भिजणारी शेते आपल्या हद्दीत आणि खाली जायकवाडी तिसऱ्यांच्या. आवर्तने किती आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. तिथे आपल्या लाभक्षेत्राचा आमदार हजर असणे आणि त्याच्या हातात सात नंबर अर्जांचे खरे आकडे असणे, याला फार किंमत आहे. आपण सात नंबरचा अर्जच भरला नाही, तर मागणी कागदावर दिसत नाही आणि तिथे कितीही मोठा आमदार काय करील?

याहून मोठी गोष्ट कायद्याची. २००५ मध्ये विधिमंडळाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. खोऱ्यातल्या सर्वांना टंचाईत पाणी समन्यायी वाटावे, असे कलम त्यात आहे. तेव्हा गावात त्याची फारशी चर्चा झाली नाही. कळले ते वरच्या धरणांची दारे जायकवाडीसाठी उघडू लागली तेव्हा. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, त्यात ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावे असे सूत्र होते. २०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा पाणी सोडले गेले. मराठवाड्याच्या शेतकऱ्यालाही तहान आहे, त्याबद्दल वाद नाही. सांगायचे ते एवढेच, की बारमाही ऊस घ्यायचा की सुरू, आडसाली लागण परवडेल की नाही, ठिबक कधी करायचे, हे आपल्या वावरातले निर्णय एका विधेयकाने बदलले. रस्त्याचे खडीकरण आणि समाजमंदिर यासाठी आपण आमदाराला दहा वेळा भेटतो. विधेयक येते तेव्हा एकदाही पत्र लिहीत नाही.

आमदाराच्या हातात आयुधे आहेत ती माहीत असू द्या. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. मंत्र्याने आश्वासन दिले आणि पाळले नाही, तर त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. वर्षातून तीन अधिवेशने होतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. हिवाळी अधिवेशन नेमके डिसेंबरात, आपला हंगाम ऐन भरात असताना. त्यामुळे ऊस उत्पादक नागपूरला काय चालले आहे ते वाचतही नाही. आपला प्रश्न तिथे जावा असे वाटत असेल, तर दसरा-दिवाळीतच कागद तयार हवा. कुठली चारी, किती क्षेत्र, किती वर्षे पाणी नाही, कुठल्या तारखेला अर्ज दिला, असे मुद्देसूद एक पान. मोघम निवेदनावरून प्रश्न तयार होत नाही. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला निधी असतो, तो २०२२ मध्ये ५ कोटी झाला. रक्कम मोठी वाटते. मतदारसंघातल्या गावांवर वाटून पाहा, एका गावाच्या वाट्याला थोडीच येते. खरे काम खात्यांच्या अंदाजपत्रकात नाव घालून घेण्यात आहे.

आमदारापलीकडेही आवाज पोहोचतो, हे पुणतांब्याने साऱ्या देशाला दाखवले. २०१७ च्या एप्रिलमध्ये इथल्या ग्रामसभेत संपाचा ठराव झाला आणि १ जूनला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजीपाला शहरात जायचा थांबला. त्याच महिन्यात, २४ जूनला, राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. मुंबईतली ती मध्यरात्रीची बोलणी आणि नंतरची फाटाफूट यावर गावात अजून दोन मते आहेत, त्यात मी पडत नाही. २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा धरणे झाले, तेव्हा गाळपाविना शिल्लक राहिलेल्या उसाला अनुदान ही एक मागणी होती. पण लक्षात घ्या, ग्रामसभेने हाक दिली तरी शेवटी निर्णयाचा कागद निघाला तो मंत्रालयातून, आणि पैशाची तरतूद विधिमंडळात झाली.

आता आकड्याची एक गोष्ट. २०१९ ला कोपरगावचा निकाल फक्त ८२२ मतांनी लागला. ८२२! एका मतदान केंद्रावर तेव्हा दीड हजारापर्यंत मतदार असत. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ही मर्यादा बाराशेवर आणली. म्हणजे अख्ख्या मतदारसंघाचा फैसला एका केंद्राच्या यादीपेक्षा कमी मतांत झाला. २०१४ ला फरक सुमारे २९ हजारांचा होता, २०२४ ला सव्वा लाखाच्या आसपास. फरक मोठा असला की यादीतल्या चुका झाकल्या जातात, लहान असला की त्या बोलू लागतात. पुणतांबा मंडळ मतदारसंघाच्या कडेला आहे, तरी अशा वेळी त्याचे वजन काट्यावर लगेच दिसते.

म्हणून यादी पाहा. आपल्याकडे वडील वारले तरी उसाचे खाते त्यांच्याच नावावर चालू राहते, तसेच मतदार यादीचे होते. वारलेल्याचे नाव तसेच राहते आणि लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत. नवीन नावासाठी नमुना ६, कमी करण्यासाठी नमुना ७ आणि दुरुस्ती किंवा पत्ता बदलासाठी नमुना ८, हे तीन कागद गावातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे मिळतात. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असणाऱ्यालाच नाव घालता येई. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या १ तारखा धरतात. मुला-मुलींची नावे घालायला वर्षभर थांबायचे कारण उरले नाही.

ऊसतोडणी कामगारांचेही सांगितले पाहिजे, कारण ते आपल्याच फडात असतात. विधानसभेची निवडणूक अलीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. २०२४ ला गाळप १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० नोव्हेंबरला. बीड, पाथर्डी, शेवगाव भागातून टोळ्या गाव सोडतात त्याच सुमाराला. सैनिकाला टपाली मत आहे, तोडणी कामगाराला नाही. मुकादमाशी करार करताना मतदानाच्या दिवसाची सुट्टी आणि जाण्या-येण्याची सोय बोलून घ्यावी, असे माझे मत आहे. एक दिवस गव्हाण थोडी हलकी चालली तर कारखाना बुडत नाही.

आता पुढचे, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. २००२ च्या घटनादुरुस्तीने ठरले, की २०२६ नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत जागांची संख्या बदलायची नाही. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून जनगणना घेण्याची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. विधानसभा-लोकसभेत एक तृतीयांश जागा महिलांना देणारी २०२३ ची घटनादुरुस्तीही जनगणना आणि पुनर्रचना यांच्याशीच बांधलेली आहे. म्हणजे ट्रॉल्या पुन्हा भरायची वेळ येणार.

तेव्हा आपल्या जिल्ह्याचे काय होईल? मागच्या जनगणनेवर करून पाहू. २०११ ला राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार, म्हणजे २८८ जागांवर एका आमदारामागे ३ लाख ९० हजार. जिल्ह्याची ४५ लाख ४३ हजार. भागाकार येतो ११.६४. जागा बाराच भरतात, पण २००१ ला काठोकाठ भरलेले माप आता थोडे उणे दिसते. कारण त्या दहा वर्षांत राज्य सुमारे १६ टक्क्यांनी वाढले आणि आपला जिल्हा साडेबारा टक्क्यांच्या आत. माणसे पुण्याकडे, ठाण्याकडे चालली. आपलीही मुले गेलीच आहेत. ग्रामीण जिल्ह्याचा आवाज विधिमंडळात कमी होतो तो असा, हळूहळू, कुणी न हिरावता. एकूण जागा वाढल्या तर चित्र निराळे होईल, पण प्रमाण हेच चालेल. म्हणून जनगणनेला गणक दारात येईल तेव्हा जी माणसे खरोखर घरात राहतात, त्यांची नोंद वस्तीवरच्या शेवटच्या घरापर्यंत झाली पाहिजे. मळ्यातली, शेतीमहामंडळाच्या जमिनीवरच्या जुन्या वसाहतींतली कुटुंबे पहिल्यांदा सुटतात.

आणि पुणतांबा मंडळ कोपरगावात राहावे, शिर्डीत जावे, की श्रीरामपूरला जोडावे, याबद्दल गावांना काही म्हणायचे असेल तर त्याची एक वेळ असते. मागच्या कायद्याप्रमाणे आयोग आधी मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापतो, हरकतींची मुदत देतो आणि जाहीर सुनावणी घेतो. अंतिम आदेश निघाला की कोर्टात जायची वाट जवळजवळ बंद. ऊस नोंदीची यादी गट ऑफिसला लावतो तेव्हाच हरकत घ्यायची असते, तोड सुरू झाल्यावर नव्हे, तसेच हे. हरकतीत 'अन्याय झाला' एवढे लिहून भागत नाही. लोकसंख्येचा आकडा, रस्ता, रेल्वे, कालव्याची चारी, तहसील आणि बाजार यांचे अंतर लिहावे लागते. मंडळातल्या गावांच्या ग्रामसभांनी एकच ठराव केला तर त्याला वजन येते. दर गावाने निराळे मागितले तर आयोग नकाशा पाहून स्वतःच ठरवतो.

जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण हे पुन्हा वेगळे. त्यांचा या आयोगाशी संबंध नाही, ते राज्यात ठरतात आणि त्यांच्या हरकती जिल्हाधिकारी कचेरीत देतात. त्यावर जागेअभावी इथे लिहीत नाही. ज्या सभासदांना मतदार यादीचे नमुने हवे असतील, त्यांनी आपल्या गावच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे नाव ग्रामपंचायतीत विचारावे. पुणतांबा मंडळातल्यांनी विधानसभेच्या यादीसाठी कोपरगाव मतदारसंघ, क्रमांक २१९, असेच लिहावे. राहाता तालुका पाहून शिर्डी लिहिले, की अर्ज फिरून परत येतो.